शिक्षणाचा रकाना

एखाद्या पोराला "पुढं काय करणार?" असं तुम्ही शेवटचं विचारलंत, तेव्हा त्याचं उत्तर ऐकायला थांबला होतात का? खरं सांगा. आपण विचारतो आणि चहाच्या कपाकडे वळतो. पोरगं काहीतरी पुटपुटतं, आपण "छान, छान" म्हणतो आणि विषय संपतो. हा प्रश्न विचारून त्याच्या उत्तरासाठी सहा-सहा महिने थांबणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच आहे आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. मी त्यांना आतोबा म्हणतो, म्हणून सगळी गल्ली त्यांना आतोबा म्हणते. जन्मल्यावर पाचव्या दिवशी सटवाई येऊन कपाळावर काय लिहून जाते ते आतोबांना मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते बाई अर्ज घाईत भरते.

ते मूळचे वळसंगचे. मिलच्या टाइम ऑफिसात आयुष्य काढलं, कामगारांच्या येण्याजाण्याच्या वेळा मांडल्या आणि निवृत्त झाल्यावर गल्लीच्या वेळा मांडायला घेतल्या. बारशाला गेले तर पाळण्यात वाकून प्रश्न विचारतात. लग्नात नवरदेवाला विचारतात. एकदा गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ गेले, तेव्हा आतोबा आणि आत्या भेटायला गेले. आतोबांनी थोरल्या मुलाला रीतीप्रमाणे धीर दिला आणि मग धाकट्याकडे वळून म्हणाले, "आन तू? बी.कॉम.चं दुसरं वर्ष की? पुढं काय?" रडणारी माणसं वळून बघायला लागली. आत्यानं पदराआडून चिमटा काढला. पण तो धाकटा डोळे पुसून बोलायला लागला, आतोबा ऐकत राहिले आणि अर्ध्या तासानं त्याच्या हातात बँकेच्या परीक्षेचा अर्ज होता. त्याची आई पुढे आत्याला म्हणाली की त्या आठ दिवसांत आमच्या घरात उद्याबद्दल बोललेलं माणूस ते एकच.

त्यांच्या घराचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी, ही कचेरीच. भिंतीवर जुनी कॅलेंडरं, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर वर्तमानपत्रांतून कापून चिकटवलेल्या जाहिराती, कोपऱ्यात कोऱ्या अर्जांनी भरलेली पत्र्याची ट्रंक. मध्ये एक टेबल, त्यावर पितळी घंटी. मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाची आधी इथं मुलाखत व्हायची. आतोबा त्यासाठी कोट घालायचे. सोलापूरचा मे महिना, बाहेर डांबर वितळतंय, आणि हा गृहस्थ गळ्यापर्यंत बटणं लावून साहेब झालेला. उमेदवारानं बाहेर जायचं, दारावर टकटक करायची, "मे आय कम इन, सर?" म्हणायचं आणि सांगितल्याशिवाय बसायचं नाही. जरा चुकलं की घंटी वाजायची आणि पुन्हा बाहेर. अकरा-अकरा वेळा आत-बाहेर केलेली माणसं आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि अजून कुठल्याही दारातून आत जाताना क्षणभर थबकतात. आत्यानं शिपाई होऊन नावं पुकारावीत अशी त्यांची फार इच्छा होती. आत्यानं एकदाच सांगितलं, "भाकरी थापू का पट्टा लावू, एक काय ते ठरवा." त्यानंतर शिपायाची जागा रिकामीच राहिली.

पण आतोबांचं खरं वेड वेगळंच होतं. कुठलं काम शरीराच्या कुठल्या भागानं होतं, हे ते स्वतः जाऊन बघत. पोस्टात दिवसभर बाकावर बसून पत्रं वेगळी करणाऱ्या माणसाकडे टक लावून पाहत आणि वहीत लिहीत, "डोळे आणि उजवा हात. पाय लागत नाहीत." एका कचेरीत टेलिफोनवाल्या बाईकडे असं इतका वेळ पाहिलं की तिथल्या शिपायानं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. घरी येऊन त्यांनी शांतपणे लिहिलं, "कान आणि जीभ. डोळे लागत नाहीत. शिपाई तापट." पोलिओनं पाय गेलेला, लहानपणी हात यंत्रात सापडलेला, अशा पोरांच्या आया मग सोप्याच्या पायरीवर येऊन बसायच्या. रफीक नावाचा जन्मापासून ऐकू न येणारा मुलगा होता. सगळ्यांनी त्याला नाकारलं, तेव्हा आतोबांनी त्याला मिलच्या माग-खात्यात नेलं. तिथला मुकादम म्हणाला, याला ऐकू येत नाही, कसं जमायचं? आतोबा म्हणाले, "हितं दहा वर्षांनी सगळेच बहिरे हुत्यात. ह्यो तयार होऊन आलाय." आणि खरंच, मागांच्या त्या खडखडाटात सगळेच हातवाऱ्यांनी आणि ओठांनी बोलतात. रफीक आयुष्यात पहिल्यांदा अशा ठिकाणी आला होता जिथं सगळे त्याचीच भाषा बोलत होते. आठ दिवसांत तो अख्ख्या खात्यात सगळ्यांत बोलका ठरला. मुकादमानं तशी तक्रारही केली.

माझं आणि त्यांचं मात्र जमत नसे. मी पत्रकांवर वाढलो. वडील युनियनमध्ये, त्यामुळे घरात बाराखडीचं पुस्तक येण्याआधी सायक्लोस्टाइल पत्रकांचे गठ्ठे आले, आणि मी 'क' शिकलो तो 'कामगार बंधूंनो'मधला. एम.ए.ला गेलो तोवर मी स्वतः पत्रकं लिहू लागलो होतो. कोट घालून पोरांना "सर, सर" करायला शिकवणारा माणूस मला बघवत नसे. एकदा सोप्यात दहा पोरांसमोर मी म्हणालो, "आतोबा, तुम्ही गुलाम तयार करता." त्यांनी चष्मा पुसला. "संपावर जायला आदी नोकरी लागती, लेका," ते म्हणाले. "मी तितपर्यंत सोडतो. फुडचं तू बग." दहाच्या दहा पोरं हसली. मी त्यावरही एक पत्रक लिहायला घेतलं होतं, पण पहिल्या ओळीच्या पुढे जाईना.

त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाबद्दल कुणी कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? ते इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचत, अर्जांचं इंग्रजी दुरुस्त करत, वकिलांची पोरंसुद्धा त्यांना सर म्हणत. पदवीधर असणारच, असं गल्ली धरून चालली होती. कुणी पाहुण्यानं विषय काढलाच तर ते "आमच्या येळचं शिक्षण येगळं" म्हणत आणि घंटी पुसायला घेत. घंटी आधीच लखलखत असे.

अशा या सोप्यात राजेश्वरी आली. सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू, वडिलांचे चादरीचे चार माग. राजीला जन्मापासून दिसत नाही. अंधशाळेत ब्रेलमधून शिकून मॅट्रिक झाली, हट्टानं कॉलेजात गेली, पण कॉलेजच्या पुस्तकांना ब्रेल कुठलं? म्हणून रोज सकाळी आतोबा तिला इतिहासाची पुस्तकं वाचून दाखवत. तीन वर्षं वाचली. आतोबांचं सगळं पाठ झालं. भाजी घेतानासुद्धा ते तहाच्या अटी सांगू लागले. राजी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा आतोबांनी पत्रं लिहून लिहून दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका अंधशाळेत तिच्यासाठी शिक्षिकेची जागा मिळवली. अट एकच: जूनच्या आत बी.ए. वडिलांची अटही एकच होती. या उन्हाळ्यात पास झाली तर जाऊ दे, नाहीतर घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. कांड्या ती सहा वर्षांची असल्यापासून भरत होती. "अंधारात पण भरता येतात, म्हणून मला दिल्यात," ती म्हणायची. "लई हुशार आहेत घरचे."

ती सांगणार आणि दुसऱ्या कुणीतरी लिहायचं, अशी तिची परीक्षा. लिहिणाऱ्याला लेखनिक म्हणतात. हे काम मी मागून घेतलं. तत्त्वाचा प्रश्न होता. सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी भांडण झालं. राजीनं एका राजाच्या महसूल पद्धतीवर उत्तर सांगितलं, मी ते लिहिलं आणि शेवटी शेतकऱ्यांच्या शोषणावर माझ्या मनाच्या चार ओळी घातल्या. तिनं वाचून दाखवायला लावलं.

"ह्या चार ओळी कुणाच्या?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, खऱ्या आहेत.

"खऱ्या असतील की. माझ्या नाहीत. अण्णा, मी सांगते तेवढंच लिहा. तुमचं तुम्ही पत्रकात लिहा."

आतोबा कोपऱ्यातून म्हणाले की हा लेखनिक नाही, वक्ता आहे. मी वरमलो, पण शिकलो. तीन महिन्यांत माझा हात तिच्या जिभेबरोबर धावू लागला.

लेखनिकाचाही एक फॉर्म असतो. आतोबांनी या गल्लीतला एकही फॉर्म न तपासता जाऊ दिलेला नाही, पण हा मी त्यांना दाखवला नाही. म्हटलं, आयुष्यात एक अर्ज तरी मी कुणाच्या घंटीशिवाय भरीन. भरला. 'शिक्षण' या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'एम.ए., भाग एक'. कॉलेजच्या कचेरीनं न वाचता शिक्का मारला आणि फाइलला लावला. फॉर्मला मागची बाजू होती. ती मी बघितली नाही.

पहिल्या पेपरच्या दिवशी आम्ही अकराच्या पेपरला साडेनऊलाच केंद्रावर. हा आतोबांचा नियम. त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली, दोन फाउंटन पेनं, शाईची दौत आणि ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एक कांदा. अंगावर कोट. केंद्रप्रमुखांनी आम्हाला आत बोलावलं. चाळिशीचे गृहस्थ, आतोबांना बघताच उभे राहिले. पंधरा वर्षांपूर्वी तेही सोप्यातून अकरा वेळा बाहेर गेले होते. त्यांनी चहा मागवला, फाइल उघडली, फॉर्म वाचला आणि त्यांचा चेहरा पडला.

लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला हवा. नाहीतर उत्तरं कोणाची, हे कसं कळणार? मागच्या बाजूला छापलं होतं.

मी बोलायला लागलो. नियम कोणी केले, कोणासाठी केले, माणसावर अविश्वास हाच ज्याचा पाया आहे त्या व्यवस्थेकडून आणखी काय अपेक्षा करायची, असं मी तावातावानं बोललो. केंद्रप्रमुख मान खाली घालून ऐकत होते. बोलता बोलता मला माझ्याच चार ओळी आठवल्या आणि आवाज आपोआप खाली आला.

"अण्णा, भाषण राहू दे," राजी म्हणाली. "घड्याळात किती झाले?"

पावणेदहा. तिच्या आवाजात काही फरक नव्हता, पण तिची बोटं पदराचं टोक फिरवून फिरवून गुंडाळत होती, कांडीवर सूत गुंडाळतात तसं. मी ते पाहिलं आणि मला माझ्या ठसठशीत अक्षराची पहिल्यांदा लाज वाटली.

केंद्रप्रमुख मनापासून मदत करू पाहत होते. कमी शिकलेला कुणीही चालेल, म्हणाले, मी माझ्या अधिकारात बदल करून घेतो, फक्त शिक्षणाचा पुरावा हवा. पण खालच्या वर्गांतली मुलं सुट्टीला गावी गेलेली. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "सही येती साहेब, पण तिलाबी टाइम लागतो." ऐकून तीन तास भरभर लिहील, सनावळ्या आणि नावं ज्याच्या कानावरून गेली आहेत, आणि तरी बी.ए.च्या खाली आहे, असा माणूस सव्वा तासात कुठून आणायचा?

आतोबांनी कोटाची बटणं चाचपली, पिशवी माझ्या हातात दिली आणि खोलीबाहेर निघून गेले. मला वाटलं, माझं तोंड बघवेना म्हणून गेले. मग दारावर टकटक झाली.

"मे आय कम इन, सर?"

केंद्रप्रमुख गोंधळून "या, या सर" म्हणाले. आतोबा आत आले आणि टेबलासमोर उभे राहिले. खुर्ची होती, पण बसले नाहीत. केंद्रप्रमुख त्यांच्याकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. ते घसा खाकरून म्हणाले, "बसा." आतोबा बसले.

"कशासाठी आलात?"

"लेखनिकाच्या जागेसाठी."

"सर, पण तुम्ही तर..." केंद्रप्रमुख म्हणाले. मग त्यांनी सोप्यात शिकलेला प्रश्न, सोप्यात शिकलेल्या आवाजात विचारला. "शिक्षण?"

"मॅट्रिक नापास," आतोबा म्हणाले. मग त्यांनी उत्तर पूर्ण केलं, "तीन वेळा."

पंखा कुरकुरत होता. शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारात तसाच उभा. राजीची बोटं थांबली. केंद्रप्रमुख अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "फाइलला कागद लावावा लागेल, सर. माफ करा." आतोबा माझ्याकडे वळले. ट्रंकेच्या तळाला, वर्तमानपत्राच्या खाली पिवळं पाकीट आहे, म्हणाले. आत्याला सांग.

उन्हात मी सायकल इतकी कधी हाणली नव्हती. आत्या भाकरी थापत होती. मी धापा टाकत सांगितलं, तिनं काही विचारलं नाही. हात धुतले, ट्रंक उघडली, शेकडो कोऱ्या अर्जांखालून पाकीट काढलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला.

"जाळू देत नव्हते आन दाखवू बी देत नव्हते," ती म्हणाली. "गोळ्या मीच बदलत आले." पाकीट देताना तिनं ते पदरानं पुसलं.

पाकिटात तीन गुणपत्रकं होती. तिन्हींवर अंकगणितात नापास. शेवटच्या वेळी दोन गुणांनी. मिलमध्ये हजारो माणसांचे तास न चुकता मांडणारा हा माणूस दोन गुणांनी नापास झाला होता आणि ते दोन गुण त्यानं अख्खं आयुष्य ट्रंकेच्या तळाशी दडवून ठेवले होते. मी पोहोचलो तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. केंद्रप्रमुख म्हणाले, एकच कागद पुरे. आतोबा म्हणाले, "तिन्ही लावा. फाइल पूर्ण पायजे."

तीन तास मी आवारातल्या कडुलिंबाखाली बसलो. माझ्या खिशातला कांदा उकडून निघाला असावा. दोन वाजता ते दोघं बाहेर आले. आतोबांच्या बाहीला कोपरापर्यंत शाई, बोटं आखडलेली. राजीचा हात त्यांच्या खांद्यावर. ती हसत होती. आतोबांनी पदरचा एक शब्द घातला नाही म्हणाली. एके ठिकाणी ती "थांबा, चुकलं" म्हणाली, तर त्यांनी तेही लिहिलं, मग नीट एक रेघ मारून खोडलं. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच खाली बसलो. आतोबांनी विचारलं, चक्कर आली का, आणि पिशवीतून आणखी एक कांदा काढला.

सगळे पेपर त्यांनीच लिहिले. राजी दुसऱ्या वर्गात पास झाली, जूनमध्ये अंधशाळेत रुजू झाली. तिच्या वडिलांनी मागावरून नुकतीच उतरलेली चादर आतोबांना आणून दिली. गल्लीत बातमी पसरायची ती पसरलीच. मला भीती होती की सोपा ओस पडेल. झालं उलटंच. आजवर तोंड चुकवून पलीकडच्या बोळातून जाणारी गल्लीतली नापास पोरं एकेक करून पायरीवर येऊन बसू लागली. आतोबांनी कोट घालणं सोडलं. म्हणाले, उकडतं. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच उकडलं होतं.

दिवाळीत राजी आली, सोप्यात बसली आणि तिनं विचारलं, "आतोबा, पुढं काय?" त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. ते गडबडले, घंटी पुसायला लागले. राजी थांबून राहिली, तीही त्यांच्याच सोप्यातली. शेवटी ते म्हणाले, विचार करून सांगतो.

काही महिन्यांनी मला ट्रंकेत मॅट्रिकला बाहेरून बसण्याचा एक अर्ज सापडला. त्यांच्याच नावाचा, सुरेख अक्षरांत पूर्ण भरलेला, फोटोसुद्धा लावलेला. मुदत उलटून गेली होती. का पाठवला नाही, मी विचारलं.

"पास झालो तर?" ते म्हणाले. "मॅट्रिकच्या आंधळ्या पोरांना लेखनिक कोन? मॅट्रिक पास झालेला त्यास्नी चालत न्हाय. सोलापुरात पास झालेली लई हायत, लेका. भरवशाचा नापास एकच हाय."

त्यावर मला अजूनही पत्रक लिहिता आलेलं नाही. हेच काय ते लिहितो आहे.

आता त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि पेन धरलं की बोटं कापतात. येत्या मार्चला इथल्या अंधशाळेची दोन मुलं मॅट्रिकला बसणार आहेत. पेपर एकाच वेळी, आणि आतोबा एकच, तेही असे. म्हणून तुम्हाला सांगतो. हे वाचून झालं की जवळच्या शाळेत किंवा कॉलेजात जा आणि विचारा, इथं कुणाला लेखनिक हवा आहे का. जास्त शिकलेले असाल तर पुस्तकं वाचून दाखवायला या. सोपा उघडाच असतो, आणि आत्या हल्ली नावं पुकारायलाही तयार झाली आहे. कमी शिकलेले असाल, तर तुमचीच जास्त गरज आहे. मान वर करून या, ट्रंकेच्या तळाशी असतील ते कागद घेऊन या, आणि शिक्षणाचा रकाना खरा भरा.